बत्तीस विरुद्ध पंधरा : विजयालक्ष्मी पंडित आणि संयुक्त राष्ट्रसंघ

न्यूयॉर्कच्या फ्लशिंग मेडो भागात १९३९ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेली एक इमारत होती. संयुक्त राष्ट्रसंघाचे आजचे मुख्यालय उभे राहण्यापूर्वी त्याची आमसभा तिथेच भरत असे. ८ डिसेंबर १९४६ रोजी त्या सभागृहात एका ठरावावर मतदान झाले. ठरावाच्या बाजूने ३२ देश, विरोधात १५ आणि तटस्थ ७. महत्त्वाच्या प्रश्नावरील निर्णयाला उपस्थित व मत देणाऱ्या सदस्यांचे दोन-तृतीयांश बहुमत लागते आणि हा प्रश्न त्या वर्गातला असल्याचे सभेने आधीच ठरवले होते. तटस्थ मते हिशेबात धरली जात नाहीत. ४७ मतांचे दोन-तृतीयांश म्हणजे ३१ हून थोडे अधिक. म्हणजेच ३२ मते मिळणे अपरिहार्य होते आणि नेमकी ३२ च मिळाली. एका देशाचे मत फिरले असते, तर ठराव फेटाळला गेला असता.

ठराव दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांना मिळणाऱ्या वागणुकीविषयी होता. तक्रार करणारा देश हिंदुस्थान. त्याच्या स्वातंत्र्याला अजून आठ महिने अवकाश होता. ज्या देशाच्या राजधानीत व्हाइसरॉय बसत होता, त्या देशाच्या शिष्टमंडळाने ब्रिटन आणि अमेरिका या दोघांच्याही विरोधी मतांना तोंड देत एका सदस्य राष्ट्राला जगाच्या व्यासपीठावर जाब विचारला होता. त्या शिष्टमंडळाच्या नेत्या होत्या विजयालक्ष्मी पंडित.

त्यांचा जन्म १८ ऑगस्ट १९०० रोजी अलाहाबादचा. मोतीलाल नेहरूंची ही मुलगी, जवाहरलालांपेक्षा जवळपास अकरा वर्षांनी लहान. माहेरचे नाव स्वरूपकुमारी. शाळेची पायरी त्या औपचारिकपणे कधी चढल्या नाहीत. आनंदभवनात इंग्रज शिक्षिका ठेवून त्यांचे शिक्षण झाले. पुढे मॉस्को, वॉशिंग्टन आणि लंडन या तिन्ही राजधान्यांत देशाचे प्रतिनिधित्व करणाऱ्या या बाईंच्या नावापुढे लावायला एकही पदवी नव्हती, सन्मानार्थ मिळालेल्या सोडून.

१९२१ च्या मे महिन्यात त्यांचा विवाह रणजित सीताराम पंडित यांच्याशी झाला. पंडितांचे घराणे मूळचे कोकणातले, राजकोटला स्थायिक झालेले. रणजित पेशाने बॅरिस्टर, वृत्तीने संस्कृतचे अभ्यासक. कल्हणाच्या राजतरंगिणीचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९३५ मध्ये प्रसिद्ध झाला. लग्नानंतर सुनेचे नाव बदलण्याच्या मराठी घरांतील रिवाजाप्रमाणे स्वरूपकुमारीची विजयालक्ष्मी झाली. जगाने ज्या नावाने त्यांना ओळखले, ते नाव असे मराठी सासरने दिलेले आहे. काश्मिरी नेहरूंच्या लेकीचा महाराष्ट्राशी जडलेला हा पहिला धागा. दुसरा चाळीस वर्षांनी मुंबईच्या राजभवनात जडायचा होता.

असहकारानंतरची वीस वर्षे इतर अनेक काँग्रेस कुटुंबांसारखीच गेली. तुरुंगवास तीनदा झाला. अलाहाबादच्या नगरपालिकेतले काम, मग १९३७ च्या निवडणुकीनंतर संयुक्त प्रांताच्या मंत्रिमंडळात स्थानिक स्वराज्य व आरोग्य खाते. प्रांतिक मंत्रिमंडळात खाते सांभाळणाऱ्या त्या देशातल्या पहिल्या महिला. १९३९ मध्ये काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि तो अध्याय संपला.

१४ जानेवारी १९४४ रोजी रणजित पंडित गेले. बरेलीच्या तुरुंगात प्रकृती ढासळल्यावर सरकारने त्यांना सोडले होते, पण तोवर उशीर झाला होता. पदरी तीन मुली, मुलगा नाही. तेवढ्यावरून पतीच्या संपत्तीवरील त्यांचा हक्क वादात सापडला आणि हाताशी पैसा उरला नाही. भाऊ अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत. स्त्रियांच्या वारसाहक्काचा प्रश्न त्यांनी पुढे जिथे जिथे मांडला, तिथे तिथे त्यामागे हा अनुभव होता. त्याच वर्षाच्या अखेरीस त्या अमेरिकेला गेल्या. थोरल्या दोघी मुली तिथे शिकत होत्या आणि हिंदुस्थानची बाजू अमेरिकी लोकांपुढे ठेवणारे कोणीतरी हवे होते. गावोगावी व्याख्याने देत त्यांनी ते काम केले.

१९४५ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोला संयुक्त राष्ट्रसंघाची सनद तयार करणारी परिषद भरली. हिंदुस्थान तिथे संस्थापक सदस्य म्हणून बसला होता. वसाहत असूनही असे स्थान मिळण्याचे कारण पहिल्या महायुद्धापर्यंत मागे जाते. व्हर्सायच्या तहावर हिंदुस्थानच्या वतीने बिकानेरच्या महाराजांनी सही केली होती आणि त्या सहीच्या बळावर देश जुन्या राष्ट्रसंघाचा सदस्य झाला होता. मात्र तिथे कोण बसणार, काय बोलणार, हे लंडनमध्ये ठरत असे. सॅन फ्रान्सिस्कोतही तेच झाले. रामस्वामी मुदलियार, फिरोझखान नून आणि संस्थानांच्या वतीने बडोद्याचे माजी दिवाण व्ही. टी. कृष्णम्माचारी अशी त्रिमूर्ती सरकारने पाठवली. हे तिघेही कर्तबगार होते. मुदलियारांनी आर्थिक व सामाजिक सहकार्याच्या समितीचे अध्यक्षपद असे सांभाळले की पुढे आर्थिक व सामाजिक परिषदेचे पहिले अध्यक्ष तेच झाले. पण त्यांना पाठवणारे सरकार लोकांचे नव्हते.

विजयालक्ष्मी त्या परिषदेत नव्हत्या. परिषदेच्या दाराबाहेर होत्या. अमेरिकेतील हिंदी संघटनांच्या मदतीने त्यांनी सभा घेतल्या, पत्रकारांना गाठले, प्रतिनिधींपर्यंत निवेदन पोहोचवले. आत बसलेले तिघे हिंदुस्थानचे बोलत नाहीत, एवढाच त्यांचा मुद्दा होता. सोविएत परराष्ट्रमंत्री मोलोटोव्ह यांनीही त्या सुमारास हिंदुस्थानच्या पारतंत्र्याकडे जाहीरपणे बोट दाखवल्याने ब्रिटिशांची पंचाईत झाली. सनदेवर सह्या झाल्या, त्यात विजयालक्ष्मींची सही असण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही आंतरराष्ट्रीय संस्थेच्या आवारात नेमके काय करायचे असते, याचे धडे त्यांना तिथेच मिळाले. व्यासपीठावरचे भाषण हा त्या कामाचा लहानसा भाग असतो. खरे काम बाहेरच्या मार्गिकेत, उपाहारगृहात आणि रात्री उशिरा हॉटेलच्या खोल्यांत चालते.

या परिषदेत दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान जनरल स्मट्स यांचा मोठा मान होता. सनदेच्या प्रस्तावनेचा मूळ मसुदा त्यांचा. मानवी हक्कांवरची श्रद्धा जगाला सांगणाऱ्या या गृहस्थांच्या स्वतःच्या देशात पुढच्याच वर्षी, जून १९४६ मध्ये, आशियाई लोकांच्या जमीन धारणेविषयीचा कायदा झाला. १८६० पासून नाताळच्या उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्या आणि त्यांच्या मागोमाग व्यापारासाठी गेलेल्या हिंदी लोकांची संख्या तोवर अडीच लाखांच्या वर गेली होती. त्यांनी जमीन कुठे घ्यावी, कुठे राहावे यावर या कायद्याने निर्बंध आणले. मोबदल्यात संसदेत प्रतिनिधित्व देऊ केले, तेही गोऱ्या प्रतिनिधींमार्फत. तिथल्या हिंदी लोकांनी सत्याग्रह सुरू केला.

यापुढची हकीकत सरकारी कारभाराच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी आहे. दोन देशांत वाद झाला की आधी बोलणी, मग निषेध, मग राजदूत परत बोलावणे, मग व्यापार तोडणे, ही ठरलेली चढण असते. हिंदुस्थान सरकार ती एकेक पायरी चढले. वऱ्हाडचे रामराव देशमुख तेव्हा दक्षिण आफ्रिकेत हिंदुस्थानचे उच्चायुक्त होते. त्यांना मायदेशी बोलावून घेण्यात आले. जुलैमध्ये व्यापारबंदी लागू झाली. देशाच्या निर्यातीचा सुमारे पाच टक्के हिस्सा त्या काळी दक्षिण आफ्रिकेला जात असे, तेव्हा हा निर्णय फुकटचा नव्हता. आणि २२ जून १९४६ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या सरचिटणीसांकडे तक्रार दाखल झाली. त्या दिवशी दिल्लीत अजून जुनेच सरकार होते, हे पुष्कळदा विसरले जाते. नेहरूंचे हंगामी सरकार २ सप्टेंबरला आले. कागद तयार होता. त्याच्यामागे कोणाचा आवाज उभा करायचा, हे नव्या सरकारने ठरवले आणि बहिणीची निवड केली.

भावाने बहिणीला नेमले, ही टीका तेव्हा झाली आणि पुढे प्रत्येक नेमणुकीच्या वेळी होत राहिली. ती निराधार नव्हती. मात्र १९४६ च्या त्या शिष्टमंडळापुरते बोलायचे, तर निवड फसली असे टीकाकारांनाही म्हणता आले नाही. त्यांच्यासोबत मुंबईचे कायदेपंडित मोहम्मद करीम छागला होते. पूर्वी दक्षिण आफ्रिकेत हिंदुस्थानचे एजंट राहिलेले आणि पुढे मुंबईचे राज्यपाल झालेले महाराज सिंह होते. कृष्ण मेनन होते. दक्षिण आफ्रिकेतील हिंदी पुढारीही न्यूयॉर्कला आले होते आणि आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष डॉ. झुमाही पोहोचले होते. त्यांना सभागृहात बोलण्याचा अधिकार नव्हता. एक वर्षापूर्वी सॅन फ्रान्सिस्कोत विजयालक्ष्मी जिथे उभ्या होत्या, तिथे आता ते उभे होते.

स्मट्स स्वतः सभेला आले. त्यांचा बचाव सनदेच्या दुसऱ्या कलमाच्या सातव्या पोटकलमावर उभा होता. मूलतः एखाद्या देशाच्या अंतर्गत अधिकारकक्षेतल्या बाबींत संघाने हस्तक्षेप करू नये, असे ते पोटकलम सांगते. दक्षिण आफ्रिकेचे म्हणणे साधे होते. हे हिंदी लोक आमचे नागरिक आहेत, त्यांना कसे वागवायचे हा आमचा घरचा प्रश्न आहे आणि शंका असेल तर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे मत घ्या. ब्रिटनने याला उचलून धरले. राष्ट्रकुलातील दोन सदस्यांनी आपले भांडण बाहेरच्या चव्हाट्यावर नेऊ नये, हे लंडनचे जुने धोरण होते. शिवाय वसाहतींच्या मालकांना पुढचे दिसत होते. आज डर्बन चर्चेला आले, तर उद्या आणखी काय काय येईल!

न्यायालयाची सूचना वरकरणी सभ्य आणि तर्कशुद्ध दिसत होती. तिला थेट नकार देणे अवघड होते. छागलांनी कायद्याची बाजू लढवली. १९२७ च्या केपटाउन करारासारखे दोन सरकारांतले करार अस्तित्वात आहेत. ज्या विषयावर दोन देश करार करतात, तो विषय एकाचा खासगी कसा राहील, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा. विजयालक्ष्मींनी दुसरी दिशा धरली. प्रश्न कायद्याच्या किसात अडकला तर तो वर्षानुवर्षे तिथेच राहील, हे ओळखून त्यांनी तो नीतीचा आणि सनदेच्या विश्वासार्हतेचा केला. वंशावरून माणसांत भेद करणे सनदेला मान्य आहे की नाही, एवढेच उत्तर त्यांनी सभेकडे मागितले. असे विचारल्यावर तटस्थ राहणेही सोपे नसते.

खरी कसोटी मात्र मसुद्यावर लागली. हिंदुस्थानचा स्वतःचा मसुदा कडक होता. तो तसाच रेटला असता, तर दोन-तृतीयांश मते मिळणे कठीण होते. त्या वेळी संघाच्या मूळ ५१ सदस्यांपैकी २० देश लॅटिन अमेरिकेतले होते आणि आशिया-आफ्रिकेतले देश बोटांवर मोजण्याइतके. मेक्सिको आणि फ्रान्स यांनी मिळून सौम्य मसुदा पुढे केला. त्यात दक्षिण आफ्रिकेचा धिक्कार नव्हता. दोन देशांतील करार आणि सनदेच्या तरतुदी यांना धरून हिंदी लोकांना वागणूक मिळावी आणि दोन्ही सरकारांनी पुढच्या अधिवेशनात काय केले ते कळवावे, इतकेच त्यात होते. हिंदुस्थानने स्वतःचा मसुदा बाजूला ठेवून हा स्वीकारला. मायदेशात याला माघार म्हणता आले असते. पण फ्रान्ससारखी वसाहतवाली सत्ता आणि लॅटिन अमेरिकेचा एक प्रमुख देश ठरावाचे जनक झाल्याने कुंपणावर बसलेल्यांना उतरायला वाट मिळाली. न्यायालयाकडे जाण्याची दुरुस्ती फेटाळली गेली आणि ठराव ३२ मतांनी तरला. कडक मसुदा ठेवला असता तर ते शेवटचे मत मिळाले असते, असे मानायला काहीच आधार नाही.

निघण्यापूर्वी गांधीजींनी विजयालक्ष्मींना बजावले होते की स्मट्स यांच्याशी वागण्यात कटुता येता कामा नये. गांधी आणि स्मट्स यांचा दक्षिण आफ्रिकेतला संघर्ष आणि त्यातून उरलेला परस्परांविषयीचा आदर जुना होता. मतदान संपल्यावर विजयालक्ष्मी स्मट्स यांच्या जागेपाशी गेल्या आणि आपल्या बोलण्यात काही कमी-जास्त झाले असेल तर क्षमा मागितली. वृद्ध सेनापतीने त्यांचा हात हातात घेतला आणि हा विजय पोकळ आहे, यामुळे आपण पुढची निवडणूक हरू, अशा अर्थाचे काही सांगितले. ही आठवण त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवली आहे.

स्मट्स यांचे भाकीत खरे ठरले. १९४८ मध्ये ते हरले, नॅशनल पक्ष सत्तेवर आला आणि वर्णभेद हे राज्याचे अधिकृत तत्त्वज्ञान झाले. हरण्याची कारणे अर्थातच घरगुती होती. न्यूयॉर्कच्या एका ठरावाने सरकारे पडत नसतात. पण ठरावाने डर्बनमधल्या एकाही हिंदी कुटुंबाचे घर वाचले नाही, हेही तितकेच खरे. दक्षिण आफ्रिकेने तो सरळ झुगारला. १९४७ मध्ये हिंदुस्थान पुन्हा तोच प्रश्न घेऊन गेला, तेव्हा दोन-तृतीयांश मतेही मिळाली नाहीत. या मार्गाचा मंदपणा ज्याला सोसत नाही, त्याने आंतरराष्ट्रीय संस्थेच्या वाटेला जाऊ नये. विषय कार्यक्रमपत्रिकेवर मात्र राहिला, आणि दरवर्षी राहिला. १९५२ मध्ये, विजयालक्ष्मी पुन्हा शिष्टमंडळाच्या नेत्या असताना, आशिया-आफ्रिकेतील देशांनी मिळून वर्णभेदाचा व्यापक प्रश्न स्वतंत्रपणे आणला. हिंदी लोकांच्या तक्रारीचा खटला हळूहळू साऱ्या कृष्णवर्णीयांचा झाला आणि १९६२ पासून दोन्ही विषय एकच झाले. पोटकलम सातचा बचाव तोवर जवळजवळ कोणीही ऐकेनासे झाले होते.

या पोटकलमाची पुढची कथा हैदराबाद आणि गोव्याच्या वाचकाला विशेष जवळची वाटेल. ऑगस्ट १९४८ मध्ये निजाम सरकारने भारताविरुद्ध सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली. १३ सप्टेंबरला पोलीस कारवाई सुरू झाली. १६ तारखेला पॅरिसमध्ये परिषद बसली, तेव्हा भारताच्या वतीने मुदलियार उभे राहिले. हैदराबाद हे स्वतंत्र राष्ट्रच नाही, तेव्हा त्याला इथे दाद मागता येत नाही, ही त्यांची भूमिका. दुसऱ्या दिवशी निजामाने शरणागती पत्करली आणि काही दिवसांत तक्रार मागे घेतली. दोन वर्षांपूर्वी घरचा प्रश्न म्हणून दार लावू देणार नाही, असे सांगणारा भारत आता स्वतः दाराशी उभा राहून हा घरचा प्रश्न आहे, असे सांगत होता. दोन्ही प्रकरणे सारखी नव्हती. संस्थानाच्या चारही बाजूंना भारत होता आणि प्रजा कोणत्या बाजूला होती, हेही उघड होते. पण पाश्चात्त्य प्रतिनिधींनी हा विरोधाभास हेरला आणि काश्मीरच्या चर्चांत तो भारताला अनेकदा ऐकावा लागला. भारतीय परराष्ट्रनीतीच्या स्तुतिपाठकांनी ही बाजू सहसा झाकून ठेवली आहे. झाकण्याची गरज नव्हती. प्रत्येक देश सनदेचे पुस्तक आपल्याला हव्या त्या पानावर उघडतो.

पोर्तुगालने तेच पान उघडले. १४ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगाल संघाचा सदस्य झाला आणि आठच दिवसांनी त्याने दादरा व नगरहवेलीकडे जाण्याच्या वाटेच्या हक्कासाठी भारताला हेगच्या न्यायालयात खेचले. भारताने या खटल्यापुरते न्यायाधीश म्हणून पाठवले ते १९४६ च्या शिष्टमंडळातले छागला. एप्रिल १९६० मध्ये निकाल लागला. नागरी वाहतुकीचा हक्क पोर्तुगालला १९५४ मध्ये होता, सैन्य नेण्याचा नव्हता आणि भारताने आपले कर्तव्य मोडलेले नाही, असे न्यायालयाने ठरवले. दरम्यान आपल्या ताब्यातल्या वसाहतींची माहिती संघाला द्यावी, या मागणीला लिस्बनचे उत्तर असे की आमच्याकडे वसाहतीच नाहीत. गोवा हा पोर्तुगालचा सागरापलीकडचा प्रांत आहे. म्हणजे पुन्हा घरचाच प्रश्न. १५ डिसेंबर १९६० रोजी आमसभेने हे म्हणणे अमान्य केले आणि स्वयंशासन नसलेल्या पोर्तुगीज प्रदेशांच्या यादीत गोव्याचे नाव घातले. डर्बनच्या प्रश्नावर १९४६ मध्ये जी फट पडली, तिच्यातूनच चौदा वर्षांनी गोव्याचे नाव आत शिरले, असे म्हणायला हरकत नाही. पुढच्या वर्षी १८ डिसेंबरला भारतीय सैन्य गोव्यात शिरले आणि सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स व तुर्कस्तान यांचा युद्धबंदीचा ठराव आला. बाजूने ७, विरोधात ४. तो सोविएत नकाराधिकारामुळेच अडला.

विजयालक्ष्मी त्या वेळी निवृत्त होऊन घरी होत्या. मधल्या वर्षांत त्यांनी एका माणसाच्या वाट्याला सहसा न येणारी पदे सांभाळली होती. १९४७ ते १९४९ त्या मॉस्कोत राजदूत होत्या. ती कारकीर्द फिकी गेली. स्टॅलिनने त्यांना एकदाही भेट दिली नाही. १९४७ च्याच अधिवेशनात सुरक्षा परिषदेच्या जागेसाठी भारत युक्रेनविरुद्ध उभा राहिला आणि अनेक फेऱ्यांनंतर त्याला माघार घ्यावी लागली. आपला राजदूत ज्या देशात बसला आहे, त्याच्याच उमेदवाराविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये लढायचे, ही कसरत मॉस्कोतल्या दारांना उघडायला मदत करणारी नव्हती. वॉशिंग्टनला १९४९ ते १९५१ या काळात अन्नधान्याच्या मदतीचा प्रश्न त्यांनी धसास लावला. अमेरिकी संसदेने १९ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले.

१५ सप्टेंबर १९५३ रोजी आमसभेने त्यांना आठव्या अधिवेशनाच्या अध्यक्ष म्हणून निवडले. थायलंडचे प्रिन्स वान यांना २२ मते पडली, त्यांना ३७. त्या पदावर बसलेल्या जगातील पहिल्या महिला. त्याच वर्षाच्या मार्चमध्ये सरचिटणीसपदासाठी त्यांचे नाव सोविएत संघाने सुचवले होते, पण सुरक्षा परिषदेत त्याला पाठिंबा मिळाला नाही आणि हामरशोल्ड यांची निवड झाली. अध्यक्षपद वरकरणी मानाचे, आतून बंधनाचे. अध्यक्षाने आपल्या देशाची बाजू मांडायची नसते. कोरियाचे युद्ध नुकतेच थांबले होते, युद्धकैद्यांच्या परतीच्या आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे होते आणि भारताच्या शिष्टमंडळाचे म्हणणे कृष्ण मेनन मांडत होते. अध्यक्षासनावर बसून विजयालक्ष्मींना आपल्याच शिष्टमंडळातील सर्वांत तिखट वक्त्याला वेळेचे बंधन पाळायला लावावे लागणार होते. वर्षभर त्यांनी हे काम निःपक्षपातीपणे केले, अशी त्यांच्या विरोधकांचीही नोंद आहे. दक्षिण आफ्रिकेचा प्रश्न त्या अधिवेशनातही होता.

लंडनमधील उच्चायुक्तपदाची जवळपास सात वर्षे, त्यातला सुवेझचा पेच, हा वेगळा विषय आहे. २८ नोव्हेंबर १९६२ रोजी त्या महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या. चीनचे युद्ध नुकतेच थांबले होते, यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले होते, राज्य अवघे अडीच वर्षांचे होते. मराठी सासरच्या या सुनेला मुंबईच्या राजभवनातले संथ आयुष्य मानवले, असे म्हणता येत नाही. १९६३ मध्ये राज्यपालपदावर असतानाच त्या पुन्हा एकदा संयुक्त राष्ट्रसंघातील शिष्टमंडळाचे नेतृत्व करून आल्या. नेहरू गेल्यावर त्यांच्या फुलपूर मतदारसंघातून त्या लोकसभेत गेल्या आणि १९६८ मध्ये राजकारणातून बाहेर पडून देहरादूनला राहू लागल्या.

तिथून त्यांना बाहेर ओढले ते आणीबाणीने. १९७७ च्या निवडणुकीत सत्तरी ओलांडलेल्या विजयालक्ष्मी स्वतःच्या भाचीविरुद्ध प्रचाराला उतरल्या. ज्या घरामुळे पदे मिळाली असा आरोप आयुष्यभर ऐकला, त्या घराशीच त्यांनी जाहीर वैर पत्करले. नव्या सरकारने त्यांना संघाच्या मानवी हक्क आयोगावर पाठवले. ती त्यांची जिनिव्हाची शेवटची महत्त्वाची फेरी.

१ डिसेंबर १९९० रोजी देहरादूनला त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत नेल्सन मंडेला तुरुंगातून सुटले होते आणि ऑक्टोबरमध्ये ते दिल्लीला येऊन गेले होते. भारत आणि दक्षिण आफ्रिका यांचे राजनैतिक संबंध पुन्हा जुळले ते नोव्हेंबर १९९३ मध्ये. रामराव देशमुखांना परत बोलावल्याला तेव्हा सत्तेचाळीस वर्षे झाली होती.